थकवा कोणाच्या वाट्याला?

हॉटेल बुक करायच्या कुठल्याही ॲपवर यादी चार-पाच प्रकारे लावता येते. किंमत, रेटिंग, अंतर, नाश्ता फुकट आहे का, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे फिल्टर कसे ठरतात ते मला माहीत आहे. जे मोजता येतं आणि ज्यावर लोक बोट ठेवतात, त्याचा फिल्टर होतो. 'इथे राहिलात तर तुमच्यापैकी कोण जास्त दमेल?' असा फिल्टर मी अजून कुठे पाहिलेला नाही. पण कुटुंबाची सहल ठरवताना खरा प्रश्न तोच असतो, आणि तो सोडवता सोडवता आपण नकळत न्याय-अन्यायाचेही काही निर्णय घेऊन टाकतो, असं मला वाटायला लागलं आहे.

निमित्त अगदी घरगुती होतं. मी न्यू जर्सीत राहतो. ताई, भावजी आणि पाच वर्षांची भाची डॅलसला. गेल्या वर्षी आई-बाबा सांगलीहून चार महिन्यांसाठी आले आणि सगळ्यांनी मिळून मे महिन्यात फ्लोरिडाला, ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं. आई त्रेसष्टची, डावा गुडघा दुखतो. बाबा अडुसष्टचे, रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात आणि ते सगळ्यांना सांगतात.

राहण्याचे तीन पर्याय समोर होते. पहिला, पार्कपासून वीसेक किलोमीटरवर किसिमी भागात भाड्याचं अख्खं घर. चार बेडरूम, मोठं स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन. सगळ्यांत स्वस्त. दुसरा, डिस्नेच्या आवारातलंच, पण त्यांच्या सगळ्यांत स्वस्त वर्गातलं हॉटेल. खोल्या लहान, मात्र पार्कला जाणारी बस दारातून. खर्च पहिल्याच्या दीडपट. तिसरा, मॅजिक किंगडम या मुख्य पार्कसमोरच्या तळ्याकाठचं, मोनोरेल थांबते ते हॉटेल. खर्च चौपट.

साहजिकच एक्सेल शीट माझ्याकडे आली. बाबा आणि भावजींचं मत पहिल्या पर्यायाला. ताईचं दुसऱ्याला. भाचीला जिथल्या स्विमिंग पूलला घसरगुंडी आहे ते हवं होतं. आई म्हणाली, "तुमचं ठरेल ते." तिच्या नावापुढच्या रकान्यात काय लिहायचं हे मला कळेना, म्हणून तो रिकामा ठेवला.

*

आधी त्या 'जवळ' आणि 'लांब'बद्दल. पार्कपासूनचं अंतर आपल्याला नकाशावरची नैसर्गिक गोष्ट वाटते, जणू नदी किंवा डोंगर. डिस्ने वर्ल्डच्या बाबतीत ते अंतर कुणीतरी विचार करून आखलेलं आहे.

वॉल्ट डिस्नेचं पहिलं पार्क, डिस्नेलँड, १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या ॲनहाइममध्ये १६० एकरांवर सुरू झालं. पैसा सगळा पार्कमध्येच गेला होता. शेजारचं डिस्नेलँड हॉटेलसुद्धा जॅक रॅदर नावाच्या टीव्ही निर्मात्याने बांधलं, आणि ते कंपनीच्या मालकीचं व्हायला १९८८ साल उजाडलं. पार्क चालायला लागल्यावर आजूबाजूला मोटेलं, खानावळी आणि झगमगीत पाट्यांची गर्दी झाली. लोक पार्क बघायला येत, पण राहण्याचे पैसे दुसऱ्यांकडे जात. शिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की परीकथा संपायची.

म्हणून फ्लोरिडात डिस्नेने वेगळी चाल केली. साठच्या दशकाच्या मध्यात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, भाव वाढू नयेत म्हणून गुपचूप, २७,००० एकरांहून जास्त जमीन घेतली. मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे; ही जमीन त्याहूनही थोडी मोठी. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात गेले. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं ते आवारातल्या दोन हॉटेलांसह, आणि दोन्ही मोनोरेलच्या मार्गावर. त्यातल्या एकाच्या तर इमारतीच्या पोटातूनच मोनोरेल जाते.

मॅजिक किंगडमचा दरवाजा आणि गाड्यांचा तळ यांच्यामध्ये एक मोठं कृत्रिम तळं आहे. बाहेरून आपल्या गाडीने येणाऱ्याने गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, तपासणीतून जायचं, मग बोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे जायचं. आवारातल्या हॉटेलांच्या बसेस मात्र थेट पार्कच्या दारात सोडतात. म्हणजे दोघांचं तिकीट एकच, पण एकजण दारात उतरतो आणि दुसऱ्याला दार अजून लांब असतं. जवळ असणं ही इथे विकायची वस्तू आहे, आणि आवारातली हॉटेलंही 'व्हॅल्यू', 'मॉडरेट', 'डीलक्स' अशा वर्गांत विभागलेली आहेत.

यात फार मोठं पाप आहे असं मी म्हणत नाही. महाबळेश्वरलाही बाजारपेठेजवळच्या खोलीचे दोन पैसे जास्त पडतात. मुद्दा एवढाच, की अंतर विकत घेता येतं, आणि जो घेत नाही त्याला ते शरीराने फेडावं लागतं. प्रश्न कोणाच्या शरीराने, हा आहे.

*

पहिल्या पर्यायाचा एक दिवस मी कागदावर मांडून बघितला. पार्क नऊला उघडतं. घरातून सव्वासातला तरी निघायला हवं. म्हणजे साडेसहापर्यंत सगळ्यांच्या आंघोळी आणि चहा-नाश्ता. बाहेरचं रोज परवडणार नाही आणि आवडणारही नाही, म्हणून दुपारसाठी काहीतरी बरोबर. म्हणजे कोणीतरी साडेपाचला उठून पोळ्या लाटणार. रात्री आतषबाजी बघून घरी यायला अकरा. मग भांडी.

'स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर खाण्याचे पैसे वाचतात' हे परदेशातल्या आपल्या मंडळींमध्ये जवळजवळ सुभाषितासारखं म्हटलं जातं. आकडा खराही असतो. माझ्या एक्सेलमध्ये ती बचत ठळक हिरव्या रंगात होती. पण ते पैसे हवेतून येत नाहीत. ते आई आणि ताईच्या पहाटेच्या दीड तासातून आणि रात्रीच्या अर्ध्या तासातून येतात. पहिल्या पर्यायाला मत देणाऱ्या दोघांपैकी कोणीही पोळ्या लाटणार नव्हतं. आणि मीही बहुधा कुकर लावून, 'मी मदत केली' असं मानून मोकळा झालो असतो.

दुसरी गोष्ट दुपारची. फ्लोरिडात मेच्या अखेरीस तापमान तेहतीसच्या घरात जातं, हवा मुंबईसारखी चिकट असते, आणि दुपारी कधीही गडगडाटी पाऊस येतो. अशा वेळी हॉटेल वीस मिनिटांवर असेल तर माणूस खोलीवर जाऊन पडतो आणि संध्याकाळी परत येतो. घर वीस किलोमीटरवर असेल, तर बोट, तळ, गाडी, वाहतूक, आणि परत तेच उलट्या क्रमाने. कोणी जात नाही. मग दुपारी एक ते पाच सगळे पार्कमध्येच सावली शोधत बसतात. तिशीतल्या माणसाला ते जमतं. दुखऱ्या गुडघ्याला किंवा पाच वर्षांच्या पोराला नाही.

त्याच सुमारास आईने फोनवर एकच प्रश्न विचारला. "तिथे दुपारी जरा आडवं व्हायला मिळेल का रे?" सहलीबद्दल तिने स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट. रिकाम्या रकान्यात काय लिहायचं ते मला त्या दिवशी कळलं.

*

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकवतात. एखादी सेवा किती वेगाने चालते हे सरासरीवरून बघू नका. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना पान अर्ध्या सेकंदात दिसलं आणि एकाला तीस सेकंद लागले, तर सरासरी छानच दिसते. म्हणून आम्ही शेपटीकडे बघतो, म्हणजे सगळ्यांत वाईट अनुभव आलेल्या एक टक्का लोकांना किती वेळ लागला त्याकडे. पी-नाइन्टीनाइन म्हणतात त्याला. चांगली टीम कोणती, तर जी शेपटी आखूड करते.

घरी मात्र आम्ही सरासरीवर चालतो. 'सगळ्यांना बरं पडेल असं बघू' म्हणजे सहा जणांची बेरीज करून भागिले सहा. सहातल्या चौघांना थोडा थोडा फायदा आणि दोघांना भरपूर त्रास असेल, तरी उत्तर अधिक चिन्हात येतं. आणि ते दोघे बहुतेक वेळा तेच असतात, एक ज्याला बोलता येत नाही आणि एक जी बोलत नाही.

गंमत म्हणजे डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच वर्षी, १९७१ मध्ये, जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हे पुस्तक आलं. त्यातली एक कल्पना खूप प्रसिद्ध आहे. समाजाचे नियम ठरवताना असं समजा की तुम्ही एका पडद्याआड बसला आहात आणि आपण त्या समाजात नेमके कोण असू हे तुम्हाला ठाऊक नाही. श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, काहीच माहीत नाही. मग कुठले नियम निवडाल? रॉल्स म्हणतो, आपण अशी व्यवस्था निवडू, जिच्यात सगळ्यांत खाली असलेल्याची स्थिती शक्य तितकी चांगली असेल.

रॉल्सने हे देशाच्या राज्यघटनेसारख्या मोठ्या गोष्टींसाठी मांडलं, हॉटेलसाठी नाही. तरी मी ते हॉटेलला लावून बघितलं. समजा, बुकिंगचं बटण दाबेपर्यंत मला माहीत नाही की सहलीला मी कोण म्हणून जाणार आहे. क्रेडिट कार्डवाला मी, की दुपारी एक वाजता कडेवर घ्या म्हणून रडणारी भाची, की पहाटे पोळ्या लाटणारी बाई? पडद्याआडून पहिला पर्याय मी कधीच निवडला नसता. तो स्वस्त होता, कारण त्याची किंमत बिलावर न येता दोन माणसांच्या अंगावर येत होती.

यावर एक वाजवी आक्षेप आहे आणि तो बाबांनी घेतलाच. "असं बघायला लागलं तर कुठेच जाता येणार नाही. प्रवास म्हटला की त्रास आलाच. आम्ही एसटीच्या मागच्या सीटवर बसून पोरांना कोकण दाखवलं." खरं आहे. त्रास शून्यावर आणता येत नाही. पण बाबांच्या आठवणीतल्या त्या प्रवासात रात्री स्टोव्हवर पिठलं-भात कोण करायचं, हे बाबांना आठवत नाही. आईला आठवतं. त्रास तर होणारच होता. तो दर वेळी एकाच माणसाच्या वाट्याला यायला हवा होता का, एवढंच मी विचारतोय.

*

इथपर्यंत सोपं होतं. घरातल्या कमजोर माणसाकडे बघा आणि जवळचं हॉटेल घ्या, संपलं. पण जवळच्या हॉटेलबरोबर आणखी एक गोष्ट येते, आणि तिथे मी अडकलो.

डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज पार्क अर्धा तास आधी उघडतं. डीलक्सवाल्यांना काही ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावरही जास्तीचा वेळ मिळतो. आणि रांग टाळायचा जो विकतचा पास आहे, तो आवारात राहणाऱ्यांना सात दिवस आधी घेता येतो, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. शेजारच्या युनिव्हर्सलमध्ये तर सगळ्यांत वरच्या वर्गातल्या तीन हॉटेलांत खोली घेतली की तिथल्या दोन जुन्या पार्कांसाठी वेगवान रांगेचा पास भाड्यातच मिळतो. म्हणजे खोलीबरोबर तुम्ही रांगेतली जागाही विकत घेत असता.

हे नेहमी असं नव्हतं. १९९९ मध्ये डिस्नेने 'फास्टपास' आणला तेव्हा तो तिकीटधारक प्रत्येकाला फुकट होता. कागदी चिठ्ठीवर छापलेल्या वेळेला यायचं आणि छोट्या रांगेतून आत जायचं. २०२१ पासून त्याची जागा विकतच्या सेवेने घेतली. २०२४ च्या शेवटी सगळ्यांत महागडा पास आला, ज्याची किंमत गर्दीच्या दिवशी माणशी ४०० डॉलरच्या वर जाते. तिकीट वेगळंच.

रांग ही आमच्या विषयातली मूलभूत गोष्ट आहे. साध्या रांगेत आधी येईल तो आधी जातो. 'प्रायॉरिटी क्यू'मध्ये ज्याचं महत्त्व जास्त तो आधी, मग तो कधीही येवो. त्यात एक हमखास दोष असतो. वरच्या दर्जाचे लोक येतच राहिले, तर खालच्या दर्जाच्या माणसाचा नंबर कधीच लागत नाही. त्याला 'स्टार्व्हेशन', उपासमार, असंच नाव आहे. पुढे जाणारा प्रत्येकजण सभ्य असतो, कोणी कोणाला धक्का मारत नाही, तरी मागचा तिथेच राहतो. पार्कातल्या पाळण्यात दर तासाला ठरावीक माणसं बसतात. माझी वीस मिनिटं वाचली तर ती नष्ट होत नाहीत. ती साध्या रांगेतल्या कुणाकुणात थोडी थोडी वाटली जातात.

मायकल सँडल यांच्या २०१२ मधल्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण रांग मोडण्यावर आहे, आणि त्यात अशा पार्कांचा उल्लेखही आहे. त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं, की वाट बघण्याचे नियम जाऊन पैशाचे नियम आले, की काही गोष्टींचा अर्थच बदलतो.

आपल्याला हे नवीन नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहे. पण तिथेच ज्येष्ठ नागरिकांची वेगळी सोयही आहे, आणि डोंगर पायी चढून येणाऱ्यांना वेगळं टोकन देण्याची पद्धतही राहिली आहे. म्हणजे एकाच देवळात पुढे जायचे तीन वेगळे हक्क दिसतात. एक पैशाचा, एक गरजेचा, एक कष्टाचा. कुबडी घेऊन आलेल्या आजोबांना पुढे जाऊ दिलं तर रांगेतलं कोणी कुरकुरत नाही. तीनशे रुपयेवाल्याकडे बघून मात्र आपण मनात काहीतरी म्हणतोच, आणि पुढच्या वेळी स्वतः तीनशे रुपये काढतो.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. आपल्या माणसाचा आराम विकत घ्यायला हरकत नाही, दुसऱ्याचा नंबर विकत घ्यायचा नाही. जवळची खोली घेतली तर आई दुपारी आडवी होते, त्यात रांगेतल्या कोणाचं काही जात नाही. पास घेतला तर जातं. नियम सुबक आहे, पण पूर्ण चालत नाही, कारण विकणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच पुडीत बांधल्या आहेत. खोली घेतली की तो सकाळचा अर्धा तास आलाच. 'मला नुसता आराम द्या, अग्रक्रम नको' असं म्हणायची सोय नाही.

*

आणखी एक रांग आहे जी पार्काच्या नकाशावर दिसत नाही. किसिमीतून हायवे १९२ नावाचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना जुनी, भडक रंगांची मोटेलं आहेत, पार्कच्या प्रवाशांसाठी बांधलेली. त्यातल्या काहींमध्ये आता आठवड्याच्या भाड्याने कुटुंबं राहतात, कारण घराचं डिपॉझिट भरणं त्यांना परवडत नाही. शॉन बेकरचा 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' हा २०१७ चा सिनेमा अशाच मोटेलात वाढणाऱ्या लहान मुलांवर आहे. पार्क हाकेच्या अंतरावर, आणि त्या मुलांसाठी चंद्राइतकं लांब.

ज्या रस्त्यावरच्या खोल्या मी स्वस्ताईनुसार लावत होतो, त्यावर कोणीतरी कायमचं राहतं. आणि ज्या महागड्या खोल्यांमुळे प्रवाशाचं चालणं वाचतं, त्यांतल्या चादरी बदलायला येणाऱ्या माणसाला मोनोरेलच्या काठावर घर परवडत नाही. ती लांबून येते. डिस्नेच्या कामगार संघटनांनी २०२३ मध्ये भांडून किमान पगार ताशी १८ डॉलरवर नेला. ऑरलँडोच्या घरभाड्यापुढे तेही फार नाहीत. अंतर सगळ्यांसाठी मिटत नाही, आपण ते फक्त पुढे ढकलतो. आधी घरातल्या गप्प बसणाऱ्या माणसाकडे, तिथून काढलं तर अनोळखी रांगेकडे, आणि शेवटी झाडू-चादरीवाल्या बाईकडे.

मग काय, जायचंच नाही? तेही मला पटत नाही. आपण गेलो नाही म्हणून त्या बाईचं भाडं कमी होत नाही. पण थकवा कुठे जातोय हे माहीत असेल, तर काही गोष्टी वेगळ्या करता येतात.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. त्यात एक अडचण होती. त्या खोल्या चार माणसांसाठी असतात. कुटुंब म्हणजे आई, बाबा, दोन मुलं, असं त्यात गृहीत आहे. तीन पिढ्यांना दोन खोल्या लागतात. वाढलेला खर्च आम्ही दिवस कमी करून भरून काढला. पार्कचे चार दिवस ठरले होते, त्याचे दोन केले. इथे तिकिटाची रचना उलट्या दिशेने ओढते. जितके जास्त दिवस, तितका दर दिवसाचा भाव कमी, त्यामुळे दोन दिवस सोडताना आपण काहीतरी गमावतोय असं वाटतं. पण दोन रात्रींचं भाडं वाचलं, आणि मधला एक दिवस काहीच न करण्यासाठी ठेवला. भावजी आधी नाराज होते. इतक्या लांब जाऊन दोनच पार्क? त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना वर्षाला मोजून दहा दिवस सुट्टी मिळते, आणि सुट्टी वसूल करावीशी वाटणं ही माणसाची हौस नसून कंपनीची देणगी आहे. रांगेचा पास घेतला नाही. भाचीला दोन पाळणे बघायला मिळाले नाहीत, त्याचं तिला एक दिवस वाईट वाटलं.

दोन्ही दिवस एकच्या सुमारास आम्ही खोलीवर परतलो. आई पडली. पण सगळ्यांत आधी घोरायला लागले ते पाच किलोमीटर चालणारे बाबा, आणि उठले सगळ्यांत शेवटी. 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाची माहितीही आमच्याकडे चुकीचीच होती.

आमच्या विषयात स्टार्व्हेशनवर एक जुना उपाय आहे. जो जितका जास्त वेळ वाट बघत राहिलाय, त्याचा अग्रक्रम तितका हळूहळू वाढवत न्यायचा. मग कितीही खालच्या दर्जाचा असला, तरी कधीतरी त्याचा नंबर लागतोच. या उपायाचं नाव 'एजिंग' आहे, म्हणजे वय होणं. कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं तेव्हा त्या शब्दाकडे लक्ष गेलं नव्हतं. घरात कोण किती वर्षं 'तुमचं ठरेल ते' म्हणत थांबलंय, याचा हिशेब कुठल्याही ॲपकडे नाही. तो आपल्यालाच ठेवावा लागतो, आणि त्या माणसाने मागितलं नाही तरी त्याचा नंबर आपणच वर न्यावा लागतो.

सकाळच्या त्या अर्ध्या तासाचं मात्र नीट उत्तर मला सापडलेलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही तो वापरला, कारण भाची सहालाच उठून बसली होती. दुसऱ्या दिवशी आई-बाबा निवांत झोपले आणि तो आपोआप सुटला. बाहेरच्या लोकांच्या आधी आत शिरताना मला अवघडल्यासारखं झालं, आणि रिकामा पार्क बघून आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी आई दोन्ही खोल्यांतल्या चादरी घड्या घालत होती. टॉवेल एका जागी, कचरा एका पिशवीत. ताई म्हणाली, "अगं आई, त्या सगळं काढून धुवायलाच टाकतात. तुझ्या घड्यांचा काही उपयोग नाही." आई म्हणाली, "असू दे. वाकून गोळा करायला नको तिला." मी उशीजवळ टिपचे पैसे ठेवले, आणि आईच्या हातातली चादर दुसऱ्या टोकाने धरली.